बास कोण वाजवतंय? जपानी पॉप आणि कंट्रीतले साथीदार वादक, आणि त्यांच्यावर लिहिणारे पत्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कुणासाठी आहे?

जपानी गाणी ऐकता ऐकता ज्यांचं लक्ष गायिकेवरून सरकत मागच्या बासकडे, ड्रम्सकडे जातं, त्यांच्यासाठी. पुण्यात जपानी शिकणारी मुलं पुष्कळ आहेत. बरीचशी आनिमेच्या ओढीने येतात, मग गाण्यांकडे वळतात, आणि वर्ष सरायच्या आत कुणीतरी विचारतंच, "हे वाजवलंय कुणी?" उत्तर शोधायला निघालं की दोन प्रकारची माणसं भेटतात : वाजवणारी, आणि वाजवणाऱ्यांची नावं नोंदवून ठेवणारी. दुसरी नसती तर पहिली आपल्याला कळलीच नसती. हे माझं ठाम मत आहे आणि खालची उत्तरं त्याच मताने लिहिली आहेत.

स्टुडिओ म्युझिशियन, बॅक बँड, सपोर्ट मेंबर : हे सगळे एकच ना?

माणूस एकच असू शकतो, काम वेगळं. स्टुडिओ म्युझिशियन रेकॉर्डिंगला येतो, समोर ठेवलेली स्वरलिपी बघून वाजवतो आणि निघून जातो. बॅक बँड गायकासोबत दौऱ्यावर फिरतो. सपोर्ट मेंबर म्हणजे ज्या बँडकडे स्वतःचा ड्रमर किंवा कीबोर्डवादक नाही, त्यांच्यासोबत रंगमंचावर उभा राहणारा. वर्षानुवर्षं साथ करूनही पोस्टरवर त्याचा फोटो नसतो.

या धंद्याची स्वतःची बोली आहे आणि ती फार गोड आहे. बदली वादकाला 'तोरा' म्हणतात, 'एक्स्ट्रा'चा तो शेवटचा तुकडा. एकाच क्लबात रोज वाजवणारा बँड म्हणजे 'हाकोबान'. हाको म्हणजे खोका, म्हणजे ती जागा. बँडच्या म्होरक्याला 'बानमासु' म्हणतात. कुठल्या रेकॉर्डिंगला कोणते वादक बोलवायचे, ते जुळवून आणणारा मध्यस्थ 'इनपेगु-या' : मूळ शब्द 'इन्स्पेक्टर'. आणि हेडफोनात वाजणाऱ्या ठोक्याला, ज्याला जगभर क्लिक म्हणतात, जपानी स्टुडिओत 'दोनकामा' म्हणतात. पुढे कॉर्ग या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने 1963 मध्ये 'डोन्का-मॅटिक' नावाचं तालयंत्र काढलं होतं, त्याची ही आठवण. यंत्र केव्हाच इतिहासजमा झालं, नाव रोज उच्चारलं जातं.

साथीदार वादकांची ही पिढी आली कुठून?

अमेरिकी लष्कराच्या छावण्यांतून. 1945 मध्ये युद्ध संपलं आणि 1952 पर्यंत जपान दोस्तांच्या ताब्यात होता. हजारो सैनिक, त्यांचे क्लब, आणि रोज संध्याकाळी तिथे जिवंत संगीत हवं. देशात खायची मारामार असताना छावणीत वाजवणाऱ्याला मात्र बरे पैसे मिळत. टोकियोतल्या स्टेशनांबाहेर, शिंजुकुसारख्या ठिकाणी, वाद्यं घेऊन मुलं उभी राहत. ट्रक येई, "ट्रम्पेट एक, ड्रम्स एक" अशी मागणी होई आणि मिळतील त्यांना चढवून छावणीकडे नेलं जाई. ट्रकमध्ये चढेपर्यंत एकमेकांची तोंडओळखही नसलेली माणसं तासा-दोन तासांनी एकत्र वाजवायला बसत. न पाहिलेली स्वरलिपी पहिल्या नजरेत वाजवायची, श्रोत्याने मागितलेलं गाणं कानावरून उचलायचं : पुढे स्टुडिओत जे कौशल्य लागणार होतं त्याची तालीम ही अशी झाली.

छावणीत तर जॅझ चालत असेल. कंट्री कुठून आलं?

सैनिक काही सगळे न्यूयॉर्कचे नव्हते. टेनेसी, टेक्सास, केंटकीची खेड्यातली पोरं होती आणि त्यांना घरचं गाणं हवं होतं : अमेरिकी खेड्यापाड्यांतलं कंट्री. शिवाय लष्कराचं रेडिओ केंद्र, पुढे 'फार ईस्ट नेटवर्क' म्हणून ओळखलं गेलेलं, इंग्रजी कार्यक्रम प्रसारित करायचं आणि ते जपानी घरांतही ऐकू यायचं. जपानी मुलांनी हे संगीत तिथूनच उचललं. तेव्हा त्याला 'वेस्टर्न' म्हणत. टोप्या, झालरीची जाकिटं, बूट, सगळ्यासकट.

वॅगन मास्टर्स हा त्या काळातला नामांकित बँड. त्यांचे गायक काझुया कोसाका यांनी 1956 मध्ये 'हार्टब्रेक हॉटेल' जपानीत गायलं, आणि इथे कंट्रीची वाट रॉकबिलीला, म्हणजे कंट्री आणि रॉक-अँड-रोलच्या मिश्रणाला, जाऊन मिळाली. फेब्रुवारी 1958 मध्ये टोकियोच्या निचिगेकी नाट्यगृहात पहिला 'वेस्टर्न कार्निव्हल' झाला. नाव वेस्टर्न, पण पोरी किंचाळत होत्या त्या रॉकबिलीवर : मासाआकी हिराओ, मिकी कर्टिस आणि केइजिरो यामाशिता या तिघांवर. हे तिघेही वेस्टर्न बँडच्याच वर्तुळातून वर आलेले.

मग त्या कंट्री वादकांचं पुढे काय झालं?

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर थोडक्यात असं : त्यांनी जपानी करमणुकीचा कारखाना उभारला.

वॅगन मास्टर्समध्ये गिटार वाजवणारे ताकेओ होरी पुढे 'स्विंग वेस्ट'चे म्होरके झाले आणि त्यांनी 1960 मध्ये होरीप्रो ही कलाकार-व्यवस्थापन संस्था काढली. 1970 च्या दशकातल्या कितीतरी लाडक्या तारका तिथून आल्या. स्विंग वेस्टचेच ड्रमर शोची तानाबे यांनी आधी 'द स्पायडर्स' हा बँड काढला, मग तानाबे एजन्सी. निचिगेकीचा कार्निव्हल उभा करणाऱ्या मिसा वातानाबे आणि त्यांचे पती, जॅझवादक शिन वातानाबे, यांची वातानाबे प्रॉडक्शन्स तर त्याही आधीची, 1955 ची. करार कसा करायचा, दौरा कसा आखायचा, कुठल्या क्लबचा मालक पैसे बुडवतो, हे वादकाइतकं कुणाला ठाऊक असणार?

दुसरी वाट आणखी नवलाची. जिमी तोकिता हे जपानी कंट्रीतलं फार मोठं नाव. त्यांच्या 'माउंटन प्लेबॉइज'मध्ये एके काळी गिटारला ताकेशी तेराउची होते आणि बासला चोसुके इकारिया. तेराउची पुढे जपानी इलेक्ट्रिक गिटारचा चेहरा झाले. इकारिया 'द ड्रिफ्टर्स'चे नेते झाले, 1966 मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात बीटल्सच्या आधी रंगमंचावर गेले आणि 1969 पासून दूरचित्रवाणीवर शनिवारी रात्री अख्ख्या देशाला हसवत राहिले. विनोदाची वेळ ते इतकी अचूक कशी साधतात, असं लोक विचारत. बासवादकाला तो विचारायचा प्रश्न नाही.

जुन्या जपानी रेकॉर्डवर वादकांची नावं का नसतात?

1970 च्या दशकातली एखादी सिंगल हातात घ्या. पुढे तारकेचा फोटो. मागे किंवा आत गाण्याचे शब्द, बऱ्याचदा चालीची स्वरलिपीही, म्हणजे घरी बसून गाता यावं. आणि तीन नावं : गीतकार, संगीतकार, संयोजक (कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारा). बस. तो जीव ओतून वाजवलेला गिटारचा तुकडा कुणाचा, त्याचा पत्ता नाही. रेकॉर्ड कंपनीच्या लेखी वादकाला त्या दिवसाचे पैसे दिले की हिशेब मिटला. वादक दिवसभर एका स्टुडिओतून दुसऱ्यात पळत असत. आपण आज काय वाजवलं, त्याचं गाण्यात नाव काय पडलं, हे कित्येकांना स्वतःलाही कळत नसे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही वर्षानुवर्षं हेच घडलं, आणि त्यात गोव्याची माणसं किती होती हे आपण जाणतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचलं ते 1977 च्या चित्रपटातल्या एका गाण्यामुळे, कारण संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. शिष्याने आठवण ठेवली म्हणून नाव राहिलं. जपानमध्ये हे काम शिष्यांपेक्षा मासिकांनी जास्त केलं.

आणि ही पद्धत बदलली कधी?

1973 च्या आसपास, आणि त्यामागे चार जण होते. हारुओमी होसोनो बासवर, शिगेरु सुझुकी गिटारवर, तात्सुओ हायाशी ड्रम्सवर, मासाताका मात्सुतोया कीबोर्डवर. नाव 'कॅरामेल मामा', नंतर 'टिन पॅन अॅली'.

होसोनो आणि सुझुकी 'हॅपी एंड' या बँडमधून आले होते, जो 1972 च्या अखेरीस विसर्जित झाला. होसोनो तेव्हा सायतामातल्या सायामा इथे, पूर्वी अमेरिकी लष्करी कुटुंबांसाठी बांधलेल्या एका घरात राहत. छावणीचा धागा इथेही सुटत नाही. रेकॉर्डिंगचं सामान त्या घरात आणून ठेवलं आणि 1973 चा त्यांचा पहिला एकट्याचा अल्बम, 'होसोनो हाउस', तिथेच ध्वनिमुद्रित झाला. त्याच वर्षी हे चौघे एकोणीस वर्षांच्या युमी आराईच्या पहिल्या अल्बमला, 'हिकोकी-गुमो'ला, साथीला बसले.

तो अल्बम शांतपणे ऐका. शीर्षकगीतात पियानो सुरू होतो, मागे ऑर्गन पसरतो, आणि हायाशी जराही घाई करत नाहीत. मुलीचा आवाज अजून कच्चा आहे, डळमळतो. वादक त्याला झाकत नाहीत, खालून हात देतात. याआधीचे स्टुडिओ वादक संयोजकाने लिहून दिलेलं वाजवायचे. हे चौघे एकत्र बसून, वाजवत वाजवत, गाण्याला आकार द्यायचे. साथ हीच निर्मिती झाली, आणि म्हणून अल्बमवर नावं आली. पुढे 1976 मध्ये युमी आराई आणि मासाताका मात्सुतोया यांचं लग्न झालं. आज तिला सगळे युमी मात्सुतोया म्हणून ओळखतात, आणि तिच्या अल्बमांचं संयोजन तेच करत आले. 2013 मध्ये आनिमे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या चित्रपटाच्या शेवटी हेच शीर्षकगीत वाजलं तेव्हा चाळीस वर्षांनी नवी पिढी या चौघांचं वाजवणं ऐकत होती.

हॅपी एंडचे ड्रमर ताकाशी मात्सुमोतो यांनी तर काठ्या खाली ठेवून लेखणी घेतली. सेइको मात्सुदाचं 1982 चं 'आकाई स्वीट पी' घ्या : शब्द मात्सुमोतोंचे, चाल युमी मात्सुतोयाची पण 'कुरेता कारुहो' या टोपणनावाने, संयोजन मासाताका मात्सुतोयांचं. दहा वर्षांपूर्वी ज्यांना 'भूमिगत' म्हणत ती मंडळी आता देशातल्या सर्वांत लाडक्या तारकेच्या मागे उभी होती.

'प्लास्टिक लव्ह' आणि 'मायोनाका नो दोआ' कुणी वाजवलंय?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. मारिया ताकेउचींचं 'प्लास्टिक लव्ह' 1984 च्या 'व्हरायटी' अल्बममधलं. संयोजन आणि गिटार तिचे पती तात्सुरो यामाशिता यांचं, ड्रम्स जुन आओयामा, बास कोकी इतो. आओयामा आणि इतो ही जोडी 1980 च्या 'राइड ऑन टाइम'पासून यामाशितांच्या संगीताचा कणा होती. गाण्यात आओयामांचा ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत जागचा हलत नाही. करामत नाही, फक्त जागा धरून ठेवणं. 2017 मध्ये कुणीतरी हे गाणं परस्पर यूट्यूबवर चढवलं आणि जगभर त्याचे चाहते झाले. आओयामा 2013 मध्येच गेले होते.

मिकी मात्सुबारांचं 'मायोनाका नो दोआ' 1979 चं, चाल आणि संयोजन तेत्सुजी हायाशी. ड्रम्सवर तात्सुओ हायाशी, म्हणजे 'हिकोकी-गुमो'वालेच. बास त्सुगुतोशी गोतो, गिटार मासाकी मात्सुबारा. 2020 मध्ये हे गाणं इंडोनेशियापासून जगभर पसरलं. तेव्हा गायिकेला जाऊन सोळा वर्षं झाली होती आणि गिटारवादकाला चार.

वादक आपसात मानधनाबद्दल कसं बोलतात?

स्वरांत! जपानी संगीतशाळांत जर्मन स्वरनावं रुजलेली आहेत. पहिला स्वर 'त्से' म्हणजे एक, 'दे' दोन, 'ए' तीन, 'एफु' चार, 'गे' पाच. दहा हजार येन म्हणजे 'त्से-मान', पाच हजार म्हणजे 'गे-सेन', आणि आठ म्हणजे 'ऑक्टेव्ह'. आपल्या सरगमात सांगायचं तर 'आजचं काम सा हजाराचं, उद्याचं प हजाराचं'. शेजारी गायक किंवा व्यवस्थापक बसला असला तरी हिशेब बिनबोभाट होतो.

एकदा पैसे घेतले की वादकाचा गाण्यावर काहीच हक्क नाही?

पूर्वी जवळजवळ नव्हता. 1970 चा जपानी कॉपीराइट कायदा 1971 पासून लागू झाला आणि त्याने वादक-गायकांना, म्हणजे सादर करणाऱ्यांना, लेखक-संगीतकारांच्या हक्कांलगतचे वेगळे हक्क दिले. रेडिओ-दूरचित्रवाणीवर रेकॉर्ड वाजली तर त्यापोटी प्रसारक रक्कम देतात, आणि ती कलाकारांच्या संघटनेमार्फत वाटली जाते. पण वाटायची कुणाला? स्टुडिओत कोण होतं याची नोंदच नसेल तर पैसे कुणाच्या नावावर जमा करणार? म्हणून नाव ही निव्वळ मानाची गोष्ट नाही, ती पोटाची गोष्ट आहे.

2002 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपलं नाव जोडलं जाण्याचा हक्कही मिळाला. मात्र रूढ प्रथेला धरून असेल किंवा कलाकाराच्या हिताला बाधा येत नसेल तर नाव गाळता येतं, अशी पळवाटही त्यात आहे. माझ्या मते ती फार मोठी ठेवली गेली.

कोणती मासिकं महत्त्वाची?

चार सांगतो, चारही वेगळ्या वळणाची.

'म्युझिक लाइफ' हे जुनं, 1951 ते 1998 चाललेलं, ताऱ्यांच्या जवळ जाणारं. त्याच्या संपादिका रुमिको होशिका जून 1965 मध्ये किमोनो नेसून लंडनच्या स्टुडिओत बीटल्सना भेटल्या. त्या काळात इतक्या जवळून त्यांची मुलाखत घेणारं जपानी दुसरं कुणी नव्हतं.

'न्यू म्युझिक मॅगझिन' 1969 मध्ये तोयो नाकामुरा यांनी काढलं. 1980 मध्ये नावातला 'न्यू' गळला. नाकामुरा कडक लिहायचे, आणि त्यांना सगळ्या जगाचं संगीत सारखंच जवळचं होतं. याच मासिकात 1971 मध्ये तो प्रसिद्ध वाद रंगला : रॉक जपानीत गावं की इंग्रजीत? रॉक गायक युया उचिदा यांचं म्हणणं, जगापर्यंत पोहोचायचं तर इंग्रजीतच. समोर हॅपी एंड, जपानीवर ठाम. मासिकाने दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवलं आणि बोलणं छापलं. पुढच्या पन्नास वर्षांच्या गाण्यांनी निकाल दिला आहे, पण भांडण शब्दशः वाचायला मिळतं ही त्या मासिकाची कमाई.

'रॉकिन ऑन' 1972 चं. ते काढणारे योइची शिबुया तेव्हा जेमतेम विशीतले. वाचकांनीच लिहायचं, या तत्त्वावर हातावर पोट असल्यासारखं चाललेलं ते नियतकालिक पुढे मोठं झालं. 1986 मध्ये 'रॉकिन ऑन जपान' निघालं आणि कलाकाराच्या बालपणापासून खोदत जाणारी लांबच लांब मुलाखत हा प्रकार त्याने रुजवला. 2000 पासून 'रॉक इन जपान' महोत्सवही त्यांचाच. शिबुया जुलै 2025 मध्ये गेले.

आणि चौथं, माझं सर्वांत लाडकं : 1980 पासूनचं 'गिटार मॅगझिन' आणि त्याची बास, ड्रम्स, कीबोर्डची भावंडं. ही वाद्यांची मासिकं. त्यांना गायकाच्या प्रेमप्रकरणात रस नाही. कुठली तार, कुठला अँप्लिफायर, त्या ओळीत बोट कसं सरकवलं, हे ती विचारतात. साथीदार वादकांची मोठी मुलाखत घ्यायची तर तिथेच. कायोक्योकु (जुनं लोकप्रिय जपानी गाणं) आणि सिटी पॉप ('प्लास्टिक लव्ह'सारखं शहरी पॉप) यांतल्या गिटारवादकांवर त्यांनी विशेषांक काढले, तेव्हा चाळीस वर्षं निनावी राहिलेले गिटारचे तुकडे एकेका माणसाला परत मिळाले.

जपानी संगीत पत्रकार परखड लिहितात का?

काही लिहितात. पण व्यवस्था त्यांच्या बाजूची नाही. मुलाखत छापण्यापूर्वी मजकूर आणि फोटो कलाकाराच्या 'जिमुशो'कडे, म्हणजे व्यवस्थापन कचेरीकडे, तपासायला जाणं हा तिथे रोजचा रिवाज आहे. जाहिराती पुन्हा त्याच कंपन्यांच्या. नुसत्या स्तुतीच्या लेखाला जपानीत 'चोचिन किजी' म्हणतात. चोचिन म्हणजे कागदी कंदील. धन्याच्या पुढे कंदील धरून चालणाऱ्या नोकरावरून तो शब्द आला. आपल्या 'पालखीचे भोई'च्या अगदी जवळचा.

समीक्षक आणि कलाकार यांच्यातली भिंतही तिथे पातळ आहे. रेइको युकावा यांनी 'स्विंग जर्नल'मधून जॅझवर लिहायला सुरुवात केली, रेडिओवर नाव कमावलं, आणि 1984-85 मध्ये 'रोप्पोंगी शिंजू' आणि 'कोइ नी ओचिते' या दोन प्रचंड गाजलेल्या गाण्यांचे शब्दही लिहिले. कुणाला यात हितसंबंधांची गुंतागुंत दिसेल. मला त्यांच्या लेखनात गाणं आतून माहीत असलेल्या माणसाची समज दिसते.

लाइनर नोट्सचं, म्हणजे रेकॉर्डसोबत छापून येणाऱ्या लेखाचं, जपानला एवढं वेड का?

जपानमध्ये रेकॉर्ड आणि सीडी ठरलेल्या किमतीलाच विकायच्या, असा नियम आहे. बाहेरून आलेली प्रत मात्र स्वस्त मिळू शकते. मग देशी आवृत्ती कुणी का घ्यावी? म्हणून तिला कडेला 'ओबी' नावाची कागदी पट्टी, आत शब्द, भाषांतर, एखादं जास्तीचं गाणं, आणि समीक्षकाने लिहिलेला लेख. तो लेख कधी दोन पानं, कधी बारीक टायपातली पुस्तिकाच. पगारी नोकरी नसलेल्या कितीतरी लेखकांचा संसार या लेखांवर चालला. वादकांची यादी तिथे लावून, त्यावर टिपणं करणं हा त्यांचा छंद. माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तिकेची घडी उलगडून उलगडून फाटली आहे, पण मी ती चिकटपट्टी लावून वाचतो.

कंट्री संगीतावर लिहिणारं कुणी होतं का?

मोठ्या मासिकांत कंट्रीला कोपराच मिळाला. म्हणून वादकांनाच लिहावं लागलं, आणि ही गोष्ट मला फार हलवते.

कोबे शहरात 'लॉस्ट सिटी' नावाचं कॉफीघर होतं. तिथे 1967 मध्ये काही विद्यार्थ्यांनी 'ब्लूग्रास 45' हा बँड काढला. ब्लूग्रास म्हणजे कंट्रीचीच वेगवान, बिनविजेच्या वाद्यांची शाखा : बँजो, मँडोलिन, फिडल. 1971 मध्ये ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि बिल मन्रो यांच्या बीन ब्लॉसमच्या महोत्सवात वाजवलं. ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांच्यासमोर, त्यांच्या अंगणात.

परत आल्यावर बँजोवादक साबुरो वातानाबे आणि त्यांचे भाऊ, बासवादक तोशिओ, यांनी ताकाराझुकाला 'बी. ओ. एम. सर्व्हिस' सुरू केली : रेकॉर्ड मागवायच्या, विकायच्या, अमेरिकी कलाकारांचे दौरे आखायचे. 1972 मध्ये ताकाराझुका ब्लूग्रास महोत्सव सुरू झाला. 1983 मध्ये 'मूनशायनर' हे मासिक निघालं, संपादक साबुरो वातानाबे. मुलाखती, स्वरलिपी, रेकॉर्डची परीक्षणं, कुठल्या गावात कोण वाजवतंय त्याच्या नोंदी. तोच माणूस रंगमंचावर बँजो घेऊन उभा, तोच लेखणी घेऊन बसलेला. तटस्थ पत्रकारिता म्हणाल तर ती नव्हे. पण त्या नोंदी नसत्या तर जपानी ब्लूग्रासचा इतिहास चार मित्रांच्या आठवणीत विरून गेला असता.

जपानी वादकांनी अमेरिकेत साथ केली का?

केली. शोजी ताबुची इशिकावात वाढले. विद्यार्थिदशेत अमेरिकी कंट्री गायक रॉय एकफ यांचा दौरा ओसाकाला आला, तिथलं फिडल ऐकून त्यांनी शास्त्रीय व्हायोलिन बाजूला ठेवलं आणि अमेरिका गाठली. 1970 च्या दशकात ते गायक डेव्हिड ह्यूस्टन यांच्या साथीला होते. मग मिझुरीतल्या ब्रॅन्सन गावी 1990 मध्ये त्यांनी स्वतःचं नाट्यगृह उभारलं. 2023 मध्ये ते गेले. ब्लूग्रास 45 चे मँडोलिनवादक आकिरा ओत्सुका हेही अमेरिकेतच स्थायिक झाले.

गायिका तोमी फुजियामा 1964 मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीत, कंट्रीच्या सर्वांत मानाच्या रंगमंचावर, गायल्या. तोवर त्या छावण्यांच्या क्लबांतून गातच आल्या होत्या.

आज जपानमध्ये कंट्री ऐकायला कुठे जायचं?

कुमामोतो. चार्ली नागातानी आणि त्यांच्या 'कॅननबॉल्स'नी तिथे 'गुड टाइम चार्ली' हा क्लब जोपासला. त्यांनीच 1989 पासून आसोच्या डोंगरात 'कंट्री गोल्ड' महोत्सव भरवला आणि नॅशव्हिलचे कलाकार तिथे आणले. 2019 मध्ये तो थांबला.

साथीदार वादकांना आता चाहते असतात का?

पॉप आणि हेवी मेटल एकत्र करणाऱ्या मुलींच्या बेबीमेटल गटामागे पांढरे चेहरे रंगवून उभा राहणारा 'कामी बँड' बघा. कामी म्हणजे देव. लोक या वादकांच्या नावाने ओरडतात. गिटारवादक मिकिओ फुजिओका जानेवारी 2018 मध्ये अपघाताने गेले तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी शोक केला. स्टुडिओ वादकाच्या वाट्याला एवढं प्रेम यावं, हे 1970 मध्ये कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. याच बँडचे ड्रमर हिदेकी आओयामा. हो, 'प्लास्टिक लव्ह'च्या जुन आओयामांचे चिरंजीव.

जपानी येत नसेल तर वादकांची नावं कशी शोधायची?

1970 नंतरच्या अल्बमांवर वादकांची यादी पुष्कळदा रोमन लिपीत असते, तेव्हा आधी आतला कागद उलटून बघा. संगणकावर गाणं लावून थांबू नका, तिथे बहुधा गायिकेचंच नाव असतं. जुन्या प्रतीच्या आतल्या पानाचे फोटो रेकॉर्ड विकणारे हौसेने टाकतात, ते शोधा. यादी जपानीत निघालीच तर कातकाना लिपीतले चार शब्द ओळखता आले की पुरे : 'गिताआ', 'बेएसु', 'दोरामुसु', 'कीबोओदो'. एका संध्याकाळी पाठ होतात. त्या शब्दासमोर कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या चित्रलिपीत, जी तीन-चार अक्षरं असतात, ते माणसाचं नाव.